माय म्हणली

माघातल्या एका मंगळवारी सकाळी माझी बायको गेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. मुलगी लातूरला क्लासमध्ये होती. शेजारच्या भाभींनी फोन केला. मी घरी आलो तोवर संपलं होतं. मुलगी दुपारी आली. संध्याकाळी आम्ही गोदावरीवर गेलो आणि परत आलो.

हे लिहायला मला बराच काळ लागला. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांत दिवस जातो, पण लिहायला बसलं की एका वाक्यानंतर दुसरं लगेच येत नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते मलाच नीट कळलेलं नाही. कळल्यावर लिहावं असं ठरवलं होतं. कळेना, तेव्हा तसंच लिहायला घेतलं.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक भेटायला येतात. येतात आणि बसतात. आल्या आल्या एकदा ‘कसं झालं?’ विचारतात, आपण सांगतो, मग कुणी बोलत नाही. पुढचा माणूस येतो, पुन्हा ‘कसं झालं?’ पुन्हा तेच सांगायचं. पहिल्या दिवशी मला ते जड गेलं. नंतर लक्षात आलं की सांगता सांगता मलाच ते थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं. घरात गॅस पेटत नव्हता. पिठलं-भाकरी शेजारून यायची. दुपारभर सतरंजीवर माणसं बसलेली असायची, आणि मुलगी तिच्या आईच्या शिलाई मशीनला टेकून, कानात इअरफोन घालून बसायची.

बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला अक्का म्हणतो, ते बघवेना.

"माय जाऊन चार दिस न्हाई झाले, अन् ही कानात घालून बसली. काय ऐकून राहिली गं?"

"लेक्चर," मुलगी म्हणाली.

"सुतकात लेक्चर?"

"मावशी, टेस्टला सुतक नसतंय."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असू द्या अक्का. अभ्यासात मन लागत असेल तर लागू द्या." मला ते खरंच लेक्चर वाटलं होतं.

तिची लेक्चरं मला माहीत होती. क्लासवाले शिकवलेलं सगळं मोबाइलवर देतात आणि पोरं ते दुप्पट वेगाने बघतात. सुट्टीत ती घरी आली की मी मागून बघायचो. सर फळ्यावर लिहायचे ते मुंग्या धावाव्यात तसं दिसायचं. "समजतं का?" मी विचारायचो. "समजतं. नॉर्मलवर ठेवलं की झोप येते." सवयीने तिला माणसंही तशीच लागायची. वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मी काही सांगायला लागलो की ती म्हणायची, "पप्पा, मुद्द्यावर या." त्यावर तिची आई मशीन न थांबवता म्हणायची, "त्यांचा मुद्दा अजून मुदखेडला हाय. येईल हळूहळू."

एका दुपारी मुलगी बसल्या बसल्याच झोपली. इअरफोन कानातून निसटून सतरंजीवर पडला होता. कुणाचा पाय पडेल म्हणून मी तो उचलला. त्यातून बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज येत होता. बाई शिकवत असतील असं वाटलं. मग त्या आवाजात ‘कढीपत्ता’ हा शब्द आला. फिजिक्समध्ये कढीपत्ता कुठून येणार? मी इअरफोन कानाशी धरला. कुणीतरी बाई फार घाईघाईने कुंडीतल्या कढीपत्त्याबद्दल सांगत होती. ती माझी बायको आहे हे कळायला मला वेळ लागला. इतकी वर्षं ज्या आवाजासोबत राहिलो तो मी परक्या बाईचा समजून ऐकत होतो.

मुलगी अकरावीला लातूरला गेल्यापासून तिची आई तिला रोज दुपारी बोलून मेसेज पाठवायची. टाइप करायचा तिला कंटाळा. मशीनशेजारी मोबाइल ठेवायचा, बटण दाबायचं आणि बोलत राहायचं. कधी कधी मी घरात असलो तर ऐकायचो, म्हणजे कानावर पडायचं. मुलीचं उत्तर एक अंगठा किंवा ‘हो’. मला मात्र तिने असा मेसेज कधी पाठवला नाही. कशाला पाठवेल? मी पलीकडच्या खोलीत होतो. म्हणून आता असं झालं होतं की माझ्या मोबाइलमध्ये तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. तिचा स्वतःचा मोबाइल त्या मंगळवारी पडून फुटला, तो पुन्हा सुरू झाला नाही. जेवढा होता तेवढा मुलीकडे.

मुलगी उठल्यावर मी विचारलं, "मम्मीचे ते सगळे मेसेज आहेत का तुझ्याकडे?"

"सगळे नाहीत. लेक्चरनं मोबाइल भरून जातो. भरला की मी जुनं उडवायचे."

"ऐकून?"

ती म्हणाली, "काही न ऐकता." मग म्हणाली, "राहिलेत त्यातले पण बरेच उघडलेच नव्हते. आता ऐकून राहिले."

"मला पाठव."

"हाव, पाठवते."

"काय असतं त्यात?"

"काही नाही. जेवलीस का, झोपलीस का. तसलंच."

तेरावं झालं आणि ती लातूरला परत गेली. मेसेज आले नाहीत. मी आठवण केली नाही. रोज संध्याकाळी मोबाइल बघायचो. तिचा मोबाइल भरत असेल, ती काहीतरी उडवत असेल, हे मनात यायचं. माझा एक आवाज आधीच गेलेला आहे. तो कसा गेला हे इथे सांगावं लागेल.

मी तेरणाकाठचा. वडील लहानपणीच वारले. मायने मला दहावीनंतर शिकायला लातूरला ठेवलं. तेव्हा लातूरच्या निकालांचा बोलबाला नुकता सुरू झाला होता. आजच्यासारख्या क्लासच्या इमारती नव्हत्या, सरांच्या पुढच्या खोलीत चटईवर बसून शिकायचं. गंजगोलाईच्या मागे एका खोलीत आम्ही तिघं पोरं राहायचो. घरचं खाल्लं तरच डोकं चालतं अशी सगळ्या मायांची समजूत, म्हणून जेवणाचा डबा गावाहून बसने यायचा. रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी सकाळी लातूरला परतायची, तिच्यात कंडक्टरच्या सीटमागे डब्यांची रांग असायची. प्रत्येक मायचं फडकं वेगळं, गाठ वेगळी. आम्ही पोरं स्टँडवर उभी असायचो आणि आपापली गाठ ओळखून डबा घ्यायचो.

मायला लिहिता येत नव्हतं. म्हणून जे सांगायचं ते ती कंडक्टरजवळ सांगायची. कंडक्टर पन्नाशीचा होता, तंबाखूने आवाज घोगरा झालेला. डबा हातात देताना तो आधी ‘माय म्हणली’ म्हणायचा.

"माय म्हणली, वांगं खारट झालंय, दह्यासंगं खा."

"माय म्हणली, शेळी व्याली. दोन हायेत."

"माय म्हणली, गार पडलंय, कान बांधून झोप."

त्यात तो आपल्या पदरचंही घालायचा. एकदा म्हणाला, "माय म्हणली, सिनिमे कमी बघ." मायला लातूरच्या टॉकीजचा काय पत्ता? रांगेत मला पाहिलं होतं ते कंडक्टरने. सुट्टीत गेल्यावर मी मायला विचारलं तर ती हसली. "मी न्हाई बा म्हणले. पर खरं हाय का?"

मी बारावीत गेलो त्या वर्षी, त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्याने डबा दिला आणि म्हणाला, "माय म्हणली, इसर्जनाला येऊ नको. चाचणी हाय ना तुझी? अभ्यास कर. दिवाळीला ये."

मी गेलो नाही. विसर्जन झालं आणि त्यानंतरच्या पहाटे भूकंप झाला.

लातूरही हललं. आम्ही पोरं रस्त्यावर आलो. भांडी पडली होती, कुठे भिंतीला तडे गेले होते, लोक घोळक्याने बोलत होते. उजाडल्यावर मी स्टँडवर गेलो आणि नेहमीच्या जागी डब्याची वाट बघत उभा राहिलो. आणखीही पोरं आली होती. गाडीला उशीर झालाय, रस्ता खराब झाला असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. एकाने तर रिकामा डबा परत द्यायला धुऊन आणला होता. गाव पडलंय हे आम्हाला कुणीतरी येऊन सांगितलं, तरी आम्ही थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

दुपारी मी एका ट्रकमधून गावाकडे गेलो. मुक्कामी गाडी गावाबाहेर उभी होती. तिला काही झालं नव्हतं. ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यात झोपले होते म्हणून वाचले. कंडक्टर आमच्या गल्लीत दगड उपसत होता. मला पाहून थांबला. काहीतरी म्हणणार असं वाटलं. मग पुन्हा दगड उचलायला लागला. मीही लागलो.

मायचा चेहरा मला आठवतो. हात आठवतात. आवाज आठवत नाही. तिची जी वाक्यं आठवतात ती कंडक्टरच्या घोगऱ्या आवाजात. ‘कान बांधून झोप’ हे माझ्या मनात एक पन्नाशीचा पुरुष म्हणतो. ती स्वतः माझ्याशी सोळा वर्षं बोलली असणार, पण ते शोधायला गेलो की मध्ये तो उभा राहतो. हे मी बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की मायने येऊ नको म्हणून सांगितलं आणि मी वाचलो. तेवढं मी स्वतःशीही अनेकदा म्हणायचो.

तर, मेसेज येईनात तेव्हा एका रविवारी मी लातूरला गेलो.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये खाली पालकांना बसायला एक खोली आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मागच्या वर्षी पास झालेल्यांचे फोटो, टेबलावर पालकांनी आणलेले डबे. मुलगी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल ठेवला होता आणि त्यात दुसरी एक मुलगी, तीही पुस्तकात मान घालून. दोघी बोलत नव्हत्या.

"ही कोण?"

"इस्लापूरची आहे. किनवटला हॉस्टेलवर असते. ऑनलाइन टेस्टमध्ये ओळख झाली."

"भेटलीस कधी?"

"नाही अजून."

"मग बोलत का नाही?"

"बोलायचं कशाला? बसलोय." मग म्हणाली, "मम्मी गेल्यापासून ती रोज बसते. तिनं ‘कसं झालं’ विचारलं पण नाही."

पडद्यातल्या मुलीने मान वर केली, "नमस्ते काका" म्हणाली आणि पुन्हा खाली बघायला लागली. सतरंजीवर बसलेल्या माणसांशी माझी पोरगी नातेवाइकासारखी वागलीच नाही असं अक्का जाताना मला म्हणाली होती. अक्काला हे दाखवलं असतं तर तिला काय वाटलं असतं कोण जाणे. मला काय वाटलं तेही मी सांगू शकत नाही.

मुलीने मोबाइल बंद केला. मी म्हणालो, "मम्मीचे मेसेज."

"हाव. इथंच ऐकू या ना."

तिने एक लावला. चिवचिव सुरू झाली. मी म्हणालो, "नेहमीच्या वेगानं लाव." तिने लावला.

आधी मशीनचा आवाज आला. मशीन थांबलं. "बेटा, ऐक. कढीपत्त्याला पालवी फुटली बघ. भाभी म्हणून राहिल्या, ताक घाल म्हणून. घातलं." मग काहीच नाही. कुठे तरी कुकरची शिट्टी. कात्री ठेवल्याचा आवाज. "हं, काय सांगत होते मी... तुझे पप्पा सकाळधरून चष्मा शोधून राहिले. डोक्यावर हाय. मी सांगितलं न्हाई. बघते, कुठवर शोधतात."

मला हसू आलं आणि डोळे भरले. मुलीकडे पाहिलं तर ती अस्वस्थ होती. मध्ये ती शांतता आली तेव्हा तिचा अंगठा आपोआप पडद्यावर गेला होता.

"पप्पा, ही मम्मी वाटत नाही."

"म्हणजे?"

"लई हळू आहे. थकलेली वाटते. माझी मम्मी भराभर बोलायची."

"भराभर तुझा मोबाइल बोलायचा. ती अशीच बोलायची."

"हाव, पण मी दोन वर्षं तीच ऐकली ना. फोन लावला तरी तिला जेवले, झोपले एवढंच सांगून ठेवायचे. बाकी सगळी मम्मी त्या मेसेजमध्येच. मला तोच आवाज येतो कानात." ती दुसरीकडे बघत बोलत होती. "तुम्ही म्हणता तो आवाज लावला की कुणीतरी दुसरीच बाई वाटते. मग अजून कसंतरी होतं."

इतके दिवस मला वाटत होतं की तिला घाई आहे, आईचा आवाजही तिला लवकर संपवायचा आहे. ती तर म्हणत होती की तिची आईच तशी आहे. शिवाय ‘थकलेली वाटते’ हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मला ती थकलेली वाटली नव्हती. मला ती नेहमीसारखी वाटली होती. पण नेहमीसारखी म्हणजे कशी? रोज तोच आवाज ऐकणाऱ्या माणसाला तो हळूहळू थकत गेलेला कळेल, की कधीतरी, चुकीच्या वेगाने ऐकणाऱ्याला? मी त्यावर अजूनही विचार करतो.

तिथेच मग मी तिला कंडक्टरचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. बहुधा ‘तुला जसं होतं तसं मलाही होतं’ हे म्हणायचं होतं आणि ते सरळ म्हणता येईना. ती ‘मुद्द्यावर या’ म्हणाली नाही. मध्येच म्हणाली, "कसा बोलायचा तो? करून दाखवा."

मी आजूबाजूला पाहिलं. पलीकडे एक बाई मुलीच्या केसांना तेल लावत होती. मी घसा खाकरून हळूच म्हणालो, "माय म्हणली, वांगं खारट झालंय, दह्यासंगं खा."

ती खळखळून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "परत एकदा." मी पुन्हा म्हणालो. तेल लावणारी बाई वळून बघायला लागली.

"म्हणजे माझी आजी अशी बोलायची," ती म्हणाली. "मिशावाली."

मग तिने नेमकं तेच विचारलं जे मी कधी विचारलं नव्हतं. "ते विसर्जनाला येऊ नको, ते खरंच आजी म्हणाली होती? की सिनेमासारखं?"

"माहीत नाही."

"त्याला विचारलं नाही?"

"नाही."

"नंतर कधीच?"

"त्याची गाडी बदलली. मीही नांदेडला आलो. राहून गेलं."

"अन् शोधलं पण नाही?" तिला हे खोटं वाटत होतं. एखादी गोष्ट माहीत नाही आणि माणूस ती तीस वर्षं तशीच ठेवतो, हे तिच्या कल्पनेत बसेना. "द्या तुमचा मोबाइल."

आमच्या जुन्या गावच्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. चुलत पुतण्याने मला त्यात घातलं होतं, मी तो कधी उघडत नव्हतो. तिने उघडला आणि भराभर लिहिलं: भूकंपाआधी मुक्कामी गाडीला घोगऱ्या आवाजाचे कंडक्टर होते, लातूरला डबे आणायचे, कुणाला आठवतात का? मी ‘राहू दे’ म्हणेपर्यंत ते गेलं होतं.

आम्ही खाणावळीत जेवायला गेलो. वरण येईपर्यंत उत्तरं यायला लागली. कुणी पुण्याहून, कुणी आखातातून. ज्यांची तोंडं मी विसरलो होतो ती माणसं. एकाने लिहिलं, उंच होते, मिशा होत्या. दुसऱ्याने लिहिलं, ते ड्रायव्हर, कंडक्टर बुटके. कुणी लिहिलं, वारले ते, बरीच वर्षं झाली. एका बाईने फक्त जोडलेले हात पाठवले. मुलगी एकेक वाचून दाखवत होती, भाकरी हातात तशीच. मला त्या गर्दीने गांगरल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत ज्याच्याबद्दल मी एकाशीही बोललो नव्हतो, त्याच्याबद्दल अख्खं गाव जेवणाच्या ताटावर येऊन बोलत होतं.

मग तिने एक उत्तर वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"वाच."

"पप्पा, राहू द्या."

मी मोबाइल घेतला. लिहिणारा आता मुरूडला खताचं दुकान चालवतो. माझ्यासारखाच तो स्टँडवर डबा घ्यायला यायचा. त्याने लिहिलं होतं: ‘त्या मामांनी त्या दिवशी आम्हा सगळ्याच पोरांना सांगितलं होतं, माय म्हणली येऊ नको. सणाला गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, पोरं टपावर बसायची, म्हणून त्यांनीच ठोकून दिलं असावं. माझी माय वाचली. तिला मी विचारलं तर ती म्हणली, मी असं कायबी बोलले न्हाई, मी तर तुझी वाट बघत होते.’ खाली लिहिलं होतं, ‘पण बरं केलं माणसानं.’

त्याच्याखाली दुसऱ्या एकाने लगेच लिहिलं होतं: ‘माझ्या आईनं मात्र खरंच सांगितलं होतं.’

मी ते बराच वेळ वाचत राहिलो. ‘मी तर तुझी वाट बघत होते.’ ही शक्यता माझ्या मनात कधी आलीच नव्हती असं नाही. पण ती अशी लिहिलेली, नावागावासकट, पाहिली नव्हती. माय तेव्हा माझी वाट बघत असेल तर? आणि तिने खरंच येऊ नको म्हटलं असेल तर? वाक्य एकच, आणि एका बाजूने पाहिलं की मी तिच्यामुळे आहे, दुसऱ्या बाजूने पाहिलं की बसमधल्या गर्दीमुळे.

मुलगी माझ्याकडे बघत होती. काहीतरी शोधून ते मिळालं आणि तिला आनंद झाला नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं.

"सॉरी पप्पा. मला वाटलं, उत्तर मिळेल."

"मिळालं की. दोन मिळाली."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. मग म्हणाली, "आमच्या पेपरात कधी कधी चौथा ऑप्शन असतो. दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही."

"तो बरोबर असतो?"

"कधी कधी असतो. पोरं घाईत तो वाचतच नाहीत."

"मार्क मिळतात?"

"मिळतात ना. पूर्ण."

मी जेवायला लागलो. तीही.

हॉस्टेलच्या फाटकाशी ती म्हणाली, "मम्मीचे मेसेज मी मुद्दाम पाठवले नव्हते. त्यात तुमच्याबद्दल पण आहे."

"काय आहे?"

"ऐका तुम्हीच. मी त्यातलं काही काढणार होते. पण आता नाही काढत." ती आत गेली.

मी नांदेडच्या गाडीत बसलो. अहमदपूर येईपर्यंत खिशात मोबाइल सारखा थरथरत होता. ती एकामागून एक पाठवत होती. माझ्याकडे इअरफोन नव्हता. मोबाइल कानाशी धरून मी ऐकत राहिलो. पाणी आलं, भाभींनी शीरखुर्मा पाठवला, कुणाचं ब्लाउज बिघडलं. लोह्याच्या पुढे एका मेसेजमध्ये ती म्हणाली, "घरात बोलायला कुणी न्हाई गं. तुझे पप्पा पुस्तकात. वाईट न्हाईत, पर त्यांचं ऐकायला थांबावं लागतं अन् सांगायला त्यांच्याकडं काय नसतं. म्हणून तुझं डोकं खाते. कंटाळलीस तर ऐकू नको, नुसता अंगठा दे."

मागे, अगदी बारीक, वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आहे. तो मी आहे. मला वाटायचं की आम्ही दोघं घरात न बोलता एकत्र बसायचो. ती बोलत होती. हे दोन्ही खरं असू शकतं का, हेही मला ठरवता आलेलं नाही.

आता असं आहे. मुलगी लातूरला आहे, प्रवेश परीक्षा पुन्हा देणार आहे. ती आईला दुप्पट वेगाने ऐकते, मी नेहमीच्या. रविवारी ती फोन करते. मी बोलायचा प्रयत्न करतो आणि ती थांबते, निदान पूर्वीपेक्षा जास्त. कुंडीतल्या कढीपत्त्याला मी ताक घालतो. बायकोचे जेवढे मेसेज उरले तेवढे माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मायचं एक वाक्य माझ्याजवळ आहे. ते तिचं आहे की नाही हे माहीत नाही, आणि ते कंडक्टरच्या आवाजात आहे.